ऑनलाइन अर्जात फोटो आणि दाखले अपलोड करताना लोक अडकतात. साइटमध्ये नेमके काय बदल करावेत?

तुम्ही लिहिलंय की शिष्यवृत्तीच्या अर्जात फोटो ५० केबीच्या आत आणि दाखला पीडीएफमध्येच लागतो, आणि मदतीसाठी येणारे बहुतेक फोन याच पायरीवरून येतात. दुखणं त्या अटीतच आहे. फोनने काढलेला फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. तो लहान करायचं काम अर्जदारावर टाकलं की तो त्यासाठी एखादी अनोळखी साइट शोधतो आणि आधार कार्ड, जातीचा दाखला तिथे चढवून मोकळा होतो. फाइल लहान करायचं काम तुमच्या पानानेच करायला हवं.

फोटो निवडला की तो ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या घटकावर) काढा, लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणा आणि टू-ब्लॉब (कॅनव्हासवरच्या चित्राची फाइल करून देणारं फंक्शन) वापरून ०.८ गुणवत्तेची जेपेग बनवा. दाखल्याचा फोटो बहुधा ५०० केबीच्या आसपास येतो आणि शिक्क्यातली बारीक अक्षरंही वाचता येतात. चेहऱ्याच्या फोटोला ६०० पिक्सेल पुरे. फोटोत दडलेली जीपीएसची माहितीही यात गळून पडते. पीडीएफ अशी लहान होत नाही, म्हणून तिच्यासाठी ५ एमबीची मर्यादा ठेवा. आणि दाखल्याचा जेपेगही स्वीकारा. कार्यालयाला पीडीएफच हवी असेल तर ती सर्व्हरवर बनवता येते.

मग सर्व्हरच्या मर्यादा बघा, सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेत नाही, ४१३ (विनंती फार मोठी) ही चूक देतो. सर्व्हरवरचा कोड पीएचपी भाषेत असेल तर तिथे एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण फॉर्मला ८ एमबी अशी मूळ मर्यादा असते. यातली फॉर्मची मर्यादा ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अॅरे, म्हणजे भरलेली माहिती आणि फाइली ज्यांत येतात त्या याद्या, रिकामे येतात. मग सगळं नीट भरलेल्या माणसाला तुमचा कोड सांगतो, 'नाव भरा'. बिचारा पुन्हा पुन्हा नाव भरत बसतो. म्हणून पानावर लिहिलेला आकडा आणि या तिन्ही सेटिंग्ज जुळवा, फॉर्मची मर्यादा सगळ्या फाइलींच्या बेरजेपेक्षा थोडी जास्त ठेवा.

प्रत्येक फाइल निवडताक्षणी वर जाऊ द्या, 'सबमिट'ची वाट पाहू नका. पान पुन्हा लोड झालं की आधी निवडलेली फाइल ब्राउझर परत भरून देत नाही, त्यामुळे मोबाइल नंबर चुकला तरी माणसाला चारही दाखले नव्याने शोधावे लागतात. किती टक्के गेली ते दाखवायला एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या ब्राउझरच्या जुन्या विनंती-पद्धतीचा अपलोड-प्रोग्रेस वापरा. फेच या नव्या पद्धतीतून साधेपणी हा आकडा मिळत नाही. अपलोड फसलं तर फाइल निवडायच्या इनपुटची व्हॅल्यू रिकामी करा, नाहीतर तीच फाइल पुन्हा निवडल्यावर चेंज इव्हेंट (फाइल बदलल्याची सूचना) येतच नाही आणि बटण बिघडलंय असं वाटतं.

आयफोन २०१७च्या आयओएस ११पासून फोटो हेइक (HEIC) या प्रकारात साठवतो. इनपुटच्या अॅक्सेप्टमध्ये, म्हणजे कोणत्या प्रकारच्या फाइली चालतील ते सांगणाऱ्या गुणधर्मात, जेपेग स्पष्ट लिहिलंत तर गॅलरीतला फोटो सफारी जेपेग करून देते. कॅप्चर हा कॅमेरा मागणारा गुणधर्म मात्र लावू नका: बऱ्याच फोनवर थेट कॅमेराच उघडतो, आणि ज्याचा दाखला व्हॉट्सअॅपवर आलाय त्याला तो निवडता येत नाही.

फाइलच्या नावात मराठी अक्षरं किंवा मोकळी जागा आहे म्हणून ती परत पाठवणं तर अगदीच अन्यायाचं. सर्व्हरवर स्वतःचा क्रमांक देऊन साठवा, मूळ नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवा. प्रकार मात्र सर्व्हरवर फाइलच्या सुरुवातीच्या बाइट्सवरून तपासाच, कारण अॅक्सेप्ट ही केवळ चाळणी आहे, ती चुकवता येते.

'अवैध फाइल' हा संदेश काढून टाका. 'ही फाइल ७.२ एमबीची आहे, ५ एमबीपर्यंत चालेल' असं त्याच रकान्याखाली लिहा.