गणित सोडण्याआधी

प्रिय मित्रा,

दहावीचा निकाल छान लागला, अभिनंदन! पेढे नंतर खाऊ, आधी तुझ्या मेसेजमधल्या शेवटच्या ओळीबद्दल बोलू. "सायन्सच घेतो, पण गणित सोडून देतो, डोक्यात शिरत नाही."

तू पाठवलेले वहीचे फोटो मी नीट बघितले. वर्गसमीकरणात वजा 14 चे अवयव पाडताना 7 आणि 2 तू बरोबर शोधलेस. मधल्या पदात वजा 5 होते, म्हणजे वजा 7 आणि अधिक 2 हवं होतं. तू चिन्हं उलटी दिलीस. पुढची एकही पायरी चुकलेली नाही, फक्त उत्तर चुकलं. पुढच्या पानावरही हाच घोळ. ज्याला गणित खरंच जमत नाही त्याची वही अशी नसते रे. अवयव पाडल्यावर दोघांची बेरीज मधल्या पदाशी जुळते का, हे तू ताडून बघत नाहीस, एवढाच तुझा आजार. तो एका सुट्टीत बरा होतो.

आता गणित सोडलंस तर काय काय हातचं जातं ते बघ. इंजिनिअरिंगची एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, गणिताशिवाय देता येत नाही, आणि त्या परीक्षेत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात. आर्किटेक्चरला बारावीत गणित लागतं. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, लष्कराला कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलाला गणित हवंच. उलट मेडिकलला गणित लागत नाही. बी.फार्मला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालतं. तेव्हा डॉक्टरच व्हायचं हे पक्कं असेल तर खुशाल सोड, मी अडवणार नाही. पण तुझं तसं काही पक्कं नाही, हे तूच लिहिलंयस. मग अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेव. ओझं होईल, मान्य आहे. पण आपल्याला काय नको हे त्या एका वर्षात बरंच कळतं.

मित्र इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला चाललाय म्हणून तूही तिकडे बघतोयस. वाट वाईट अजिबात नाही. तीन वर्षांनी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि वर्कशॉपमध्ये हात चालवायला आवडणाऱ्या मुलाला अकरावी-बारावीपेक्षा तेच मानवतं. मात्र गणितापासून सुटका म्हणून जाऊ नकोस. पहिल्याच वर्षी ते समोर येऊन बसतं.

कॉमर्स घेतलं की गणिताचा प्रश्नच मिटला, असंही तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. सीएला बारावीत गणित असायची अट नाही हे खरं, पण फाउंडेशनच्या, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेच्या, एका पेपरात गणित आणि संख्याशास्त्र असतंच.

पुढचं आई-बाबांना वाचून दाखव. दोन वर्षांच्या क्लासची फी एकरकमी भरायचा विचार चाललाय म्हणे. घाई करू नका. आधी क्लासवाल्यांना विचारा की शिकवणार कशासाठी, आयआयटीसारख्या संस्थांच्या जेईईसाठी की राज्याच्या सीईटीसाठी. सीईटीत साधारण 80 टक्के प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि 20 टक्के अकरावीच्या असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईईचा बाज वेगळा, तिथे बहुतेक चुकांना गुण जातात. 'दोन्हीचं एकत्रच होतं' एवढंच उत्तर मिळालं तर वेळापत्रक मागून बघा. शक्य असेल तर फी हप्त्यांनीच भरा. कॉलेजात फक्त नाव आणि दिवसभर क्लासात, हा प्रकार तर मला मुळीच पटत नाही. प्रयोगशाळेत हात न लावता बारावी विज्ञान झालेली मुलं पुढे पहिल्या वर्षी चाचपडतात.

आणि एक काम आजच सुरू करा. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, असं बरंच काही गोळा करावं लागतं. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथलं जुनं रजिस्टर शोधण्यातच किती दिवस जातील सांगता येत नाही. दाखल्यावर नाव, आडनाव आणि जातीची नोंद तुमच्या बाकीच्या कागदांशी जुळते का, तेही तिथेच उभं राहून तपासा.

तू रविवारी ये. वही घेऊन ये, चिन्हांची उदाहरणं आपण बसून सोडवू.

तुझा,
काका