रानातलं पान तोंडात घालण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यासोबतची लांबलचक यादी, दोन्ही वाचली. रानात आपसूक उगवलेलं ओळखून, खुडून, शिजवून खावं ही तुझी ओढ मला मनापासून आवडली. यादी मात्र या वर्षापुरती मिटून ठेव. तिच्यातल्या तीन वनस्पती निवड, चौथी नको. कोणत्या तीन, ते तुझ्या भागातल्या जाणत्या माणसाला विचारून ठरव. त्या तिन्ही वर्षभर बघत राहा: कोंब फुटताना, फुलावर असताना, बी धरल्यावर, अगदी वाळून गेल्यावरसुद्धा. ओळखीचं माणूस आपण पाठमोरं, नुसत्या चालीवरूनही ओळखतो. ओळख तितकी मुरेपर्यंत पान तोंडात जाता कामा नये.

आनंदाबद्दल आधी लिहिते. हा विषय निघाला की सगळे धाक घालूनच सुरुवात करतात, आणि मग शिकणाऱ्याला कळतच नाही की एवढा खटाटोप कशासाठी. लागवडीच्या भाज्यांमधला कडूपणा, तुरटपणा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बियाणं निवडत कमी करत आणला. रानात तो तसाच टिकून आहे, म्हणून तिथली चव जिभेला खडबडून जागं करते. ओळख पक्की झाली की आंबुटीचं तीन पाळ्यांचं इवलंसं पान चावून बघ, लख्ख आंबट लागतं. त्या आंबटपणात ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्यामुळे चार पानं मजेची आणि टोपलीभर खाणं मूतखड्याला आमंत्रण, हेही त्याच वेळी शिकून घे. नेटल नावाच्या रानटी वनस्पतीच्या अंगावरचे केस हाताला लागले तर आग आग होते. प्रत्येक केस पोकळ असतो, त्याचं काचेसारखं टोक त्वचेत मोडतं आणि आतला दाहक द्रव उतरतो. तेच कोवळे शेंडे हातमोजे घालून खुडले आणि उकळत्या पाण्यात टाकले की क्षणात लुळे पडतात, दंश संपतो, आणि हाती गडद हिरवी, भरीव चवीची भाजी येते. फुलावर आलेली नेटल मात्र सोडून द्यायची. जुन्या पानांत खनिजाचे बारीक कण साचतात आणि त्यांचा मूत्रमार्गाला त्रास होऊ शकतो. म्हणजे वनस्पती तीच, पण दिवस चुकला की खाण्याजोगी राहिली नाही. हे दिवस धरता येणं, हाच मला या छंदातला सगळ्यात मोठा आनंद वाटतो.

आता रानलसणाकडे वळू, कारण धोका नेमका कसा येतो ते इथे स्वच्छ दिसतं. युरोपातल्या जंगलांत वसंतात रानलसणाची रुंद, मऊ पानं जमिनीवर पसरतात. त्याच सुमारास, कधी कधी त्याच गर्दीत, लिली ऑफ द व्हॅली आणि कोल्चिकम या दोन विषारी वनस्पतींचीही तशीच हिरवी पानं वर येतात. पहिली हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालते. दुसरीत कोल्चिसिन असतं, आपल्या कळलावीच्या कंदात असतं तेच विष. शिजवून ते जात नाही आणि त्यावर हमखास उताराही नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत एकेक अवयव निकामी होऊ शकतो. कोल्चिकमला फूल येतं शरदात, पानं येतात वसंतात. ज्या फुलावरून चटकन ओळखावं, ते पानांच्या वेळी नसतंच.

लोक म्हणतात, चुरगळून वास घ्या, लसणाचा आला की झालं. पहिल्या पानाला हे ठीक आहे. दहा पानं खुडल्यावर तुझ्या बोटांनाच लसणाचा वास लागलेला असतो, मग हातात काहीही घे, ते लसूणच वाटणार. म्हणून देठाकडे बघायचं. रानलसणाचं प्रत्येक पान स्वतंत्र देठावर जमिनीतून येतं. लिलीची दोन पानं एकाच दांड्यावर एकमेकांना लपेटून असतात. कोल्चिकमच्या पानांना देठच नसतो, ती ताठ असतात. पानं मूठ भरून ओरबाडू नकोस, एकेक करून खुड. विषबाधा बहुधा त्या मुठीतल्या एका चुकार पानाने होते.

मन कसं फसवतं तेही सांगते. खायची इच्छा झाली की डोळे फक्त जुळणाऱ्या खुणा मोजतात. तू उलट कर: ही ती वनस्पती नाही असं सिद्ध करणारी एखादी खूण मुद्दाम शोध. सापडली तर विषय संपला. गाजर, कोथिंबीर, बडीशेप यांच्या कुळात तर हे फारच जपायचं. इसवी सनपूर्व 399 मध्ये ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसला मृत्युदंड म्हणून पाजलेलं विषारी हेमलॉक याच कुळातलं. रानगाजराचं खोड केसाळ असतं, हेमलॉकचं गुळगुळीत, त्यावर जांभळे डाग. पाणथळ जागी वाढणारं वॉटर हेमलॉक त्याहून घातक, मुळाचा लहानसा तुकडा पोटात गेला तरी तासाभरात झटके येऊ शकतात. हे अख्खं कुळ पहिली काही वर्षं वर्ज्य समज. अळंबीही त्यातच धर. त्या वनस्पती नव्हेतच, आणि तो अभ्यास निराळा.

म्हणूनच ‘थोडं जिभेला लावून बघू, काही झालं नाही तर खाऊ’ ही रीत मला अजिबात मान्य नाही. अळूच्या जातीची रानटी पानं घशाला लगेच खाजतात आणि आपण सावध होतो, पण खरी जहाल विषं अशी सूचना देतीलच असं नाही. कोल्चिसिन तासन्‌तास गप्प राहतं. ब्रॅकन नेच्याच्या कुरळ्या कोंबांत कर्करोगाला कारण ठरणारं द्रव्य असतं, ते एका जेवणात जाणवायचंच नाही. जनावरं खातात म्हणजे चालतं, हेही मनातून काढून टाक. यू वृक्षाचं लाल फळ पक्षी मजेत गिळतात, कारण विषारी बी न फुटता बाहेर पडतं. ते बी माणसाने चावलं तर जीव जाऊ शकतो. अब्राहम लिंकनची आई 1818 मध्ये गेली ती व्हाइट स्नेकरूट ही विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन, असं मानलं जातं. मोबाइलवर फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स अभ्यासाला दिशा देतात, तेवढाच त्यांचा उपयोग. पोटाचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नकोस.

जागा बघून खुड. रस्त्याची कड, फवारणी झालेल्या शेताचा बांध, सांडपाण्याचा ओहोळ, हे टाळ. गुरं-मेंढ्या चरतात तिथल्या पाण्यातली हिरवी पानं कच्ची खाऊ नकोस, यकृतात शिरणाऱ्या परजीवीची बाधा होते. जंगल संरक्षित असेल तर परवानगीशिवाय काडीही उचलायची नाही. आणि जिथे पान पुरतं तिथे मूळ उपटू नकोस. उत्तर अमेरिकेतला रॅम्प नावाचा रानकांदा बीपासून वाढून तयार व्हायला सुमारे सात वर्षं घेतो. लोकांनी तो इतका उपसला, की कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात 1995 पासून त्याच्या विक्रीला बंदी आहे आणि स्वतःपुरते काढायलाही माणशी वर्षाला 50 कांद्यांची मर्यादा आहे.

ओळख पक्की झालेली नवी वनस्पती पहिल्यांदा खाशील तेव्हा एका वेळी एकच, शिजवून, दोन-चार घास. पाहुण्यांना, लहान मुलांना, गरोदर बाईला ती वाढायची नाही. एक अख्खी डहाळी न शिजवता बाजूला ठेव. तब्येत बिघडली तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता ती डहाळी घेऊन सरळ दवाखाना गाठ, कधी आणि किती खाल्लं ते डॉक्टरांना सांग. बरं वाटू लागलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरू नकोस.

तीन नावं ठरली की कळव. पहिल्या फेरीला मी सोबत येईन.

तुझी,
मावशी