ब्लूटूथ स्पीकर, रात्रीचे सव्वाअकरा आणि 'कबूल करून टाका'

तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मित्राचा बर्थडे, नगरपालिकेचं मोकळं मैदान, तुम्ही सहा जण, एक केक आणि पाण्याच्या बाटलीएवढा ब्लूटूथ स्पीकर. सव्वाअकराला पोलिसांची गाडी आली, स्पीकर घेऊन गेले, एका कागदावर सही घेतली, आणि आता फोन येतोय की गुरुवारी कोर्टात या, "कबूल आहे" म्हणा, हजार रुपये भरा, विषय संपला. तुम्ही पोलीस भरतीची तयारी करताय. आणि विचारताय काय, तर एवढासा स्पीकर लाउडस्पीकर कसा काय झाला, अ‍ॅपवर आवाज मोजला तर ७० डेसिबलच होता!

स्पीकरचं सांगतोच, पण तुम्ही न विचारलेलं आधी. गुरुवारी जाऊन घाईघाईत कबूल करू नका. "हजार रुपयांचा तर प्रश्न आहे" असं सगळे म्हणतात, मित्रही म्हणत असतील, पण कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे ट्रॅफिकची पावती फाडणं नव्हे, कोर्ट तुम्हाला दोषी ठरवतं आणि मग दंड करतं. रेकॉर्डला शिक्षा लागली. लोकअदालतीत जाऊन कबूल केलं तरी ती कबुलीच. माझ्याकडे अशी पोरं येतात, फिजिकल निघालं, लेखी निघालं, लिस्टमध्ये नाव आलं आणि चारित्र्य पडताळणीत चार वर्षांपूर्वीचा असला हजार-पाचशेचा दंड वर आला, आणि घरच्यांना तर माहीतही नसतं.

आता स्पीकर. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यात लाउडस्पीकरची व्याख्याच नाही, त्यामुळे तुमचा मुद्दा अगदीच फालतू नाहीये. नियम ५ च्या पहिल्या पोटनियमात लाउडस्पीकर किंवा सार्वजनिक ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते असं आहे, आणि दुपारी चारला बागेत बारक्या आवाजात गाणी लावलेल्या माणसासाठी मी कोर्टात नक्की उभा राहीन की साहेब, हा लाउडस्पीकर नाही, हा ट्रान्झिस्टरचा नातू आहे. पण तुमचं होतं रात्री सव्वाअकराला. दुसरा पोटनियम रात्रीचा आहे, १० ते ६ चा, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात लाउडस्पीकरच्या जोडीला आवाज काढणारं कुठलंही साधन, वाद्य, अ‍ॅम्प्लिफायर असं सगळं घातलंय. बंदिस्त हॉल वगैरे सोडून मनाई. ब्लूटूथ, वायफाय, बॅटरीवरचा, त्याने काही फरक पडत नाही. म्हणजे तुमचा वाद दिवसा चालला असता, रात्री चालणार नाही.

आणि त्या अ‍ॅपचं सोडून द्या. रात्रीची मनाई आहे ती अमुक डेसिबलच्या वर गेलात तर अशी नाहीये, उघड्यावर लावायचाच नाही अशी आहे. शिवाय रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, आपण समोरासमोर साध्या आवाजात बोलतो तेच साधारण ६० च्या घरात जातं, तेव्हा ७० "च" होता हे वाक्य मॅजिस्ट्रेटसमोर तरी नका बोलू. गणपती-नवरात्रात रात्री १२ पर्यंत चालतं ते राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस जाहीर करतं म्हणून, त्यात मित्राचा बर्थडे बसत नाही.

पाच वर्षं जेलची भीती कुणीतरी घातलीय तुम्हाला. ती तरतूद पूर्वी खरंच होती, पर्यावरण कायद्याच्या कलम १५ मध्ये, पण १ एप्रिल २०२४ पासून ती कैद गेली, आता तिथे दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतची शास्ती आहे आणि ती न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो, ठाण्यातले साहेब नाही. तुमच्यावर बहुतेक ते लावलेलंच नाहीये. हजाराचा आकडा सांगतायत त्यावरून भारतीय न्याय संहितेचं कलम २९२ दिसतंय, सार्वजनिक उपद्रव, जुनं आयपीसी २९०. शिक्षा फक्त दंड, कमाल हजार. आणि हा अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी. एनसीचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, आणि निव्वळ दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टाला सहा महिन्यांच्या आतच घ्यावी लागते. तारीख वहीत लिहून ठेवा. कागदावर कलम २२३ असेल, म्हणजे आदेश मोडल्याचं, तर मात्र गोष्ट वेगळी, त्यात कैदही आहे आणि तो दखलपात्र आहे. म्हणून आधी कलम कळलं पाहिजे.

तर उद्या सकाळी ठाण्यात जा, एकटे नको, वडील किंवा काका कुणीतरी सोबत घ्या. ठाणे अंमलदारांना नम्रपणे विचारा, एनसी नंबर काय, कलम कुठलं, जप्ती पंचनामा झालाय का. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच नाही दिली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. जप्ती करताना यादी करायची असते आणि नव्या कायद्यात (नागरिक सुरक्षा संहिता कलम १०५) व्हिडिओ शूटिंगही करायचं असतं. "गुरुवारी या" असं फोनवर सांगणं म्हणजे समन्स नव्हे, पण म्हणून झोपून राहू नका, ई-कोर्ट्स अ‍ॅपवर नाव टाकून बघा किंवा कोर्टात क्लार्ककडे चौकशी करा की केस खरंच लागलीय का. सही केली त्याचं फार टेन्शन घेऊ नका, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. कोरा कागद असेल तर मात्र आजच्या आज एसपी ऑफिसला लेखी कळवा.

केस खरंच लागली असेल तर वकील घ्या. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं. मग कबुली नाकारायची की नाही ते कागद बघून ठरेल. नाकारली तर उपद्रव झाला हे त्यांना सिद्ध करावं लागतं, नुसता स्पीकर दाखवून भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलंय की आधी समज, मग दंड, मग जप्ती. ते धार्मिक स्थळांबद्दल होतं, तुमच्यावर जसंच्या तसं लागू नाही, पण पहिल्याच वेळी थेट जप्ती कशाला हे विचारायला उपयोगी पडतं. आणि पुरावा भक्कमच निघाला तर वकिलाला परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा १९५८ चं कलम ३ मागायला सांगा. त्यात कोर्ट समज देऊन सोडू शकतं, आणि कलम १२ मुळे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. तालुक्याला हे सहसा कुणी मागत नाही, कारण हजार रुपये भरून मोकळं होणं सोपं पडतं.

भरतीचा फॉर्म भरताना, पुढे काहीही होवो, लपवू नका. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, किरकोळ गुन्हा खरा-खरा सांगितला असेल तर नेमणूक करणाऱ्यांनी तो कसा बघायचा हे त्यात आहे, तरुणपणी घोषणा देण्यासारखी किरकोळ गोष्ट लपवली असेल तर नेमणूक करणाऱ्यांना तिकडे दुर्लक्ष करता येतं असंही म्हटलंय, पण ते त्यांच्या मर्जीवर, एरवी लपवाछपवी पकडली गेली तर स्पीकरपेक्षा ती जड जाते. फॉर्ममध्ये जेवढं आणि जसं विचारलंय तेवढंच उत्तर द्या. फक्त खटले विचारले असतील तर एनसी तिथे येते का, हे त्या वेळी वकिलाला फॉर्म दाखवून ठरवा.

आणि ते ११२ ला फोन कुणी केला ते शोधायचं चाललंय म्हणताय तुमचे मित्र, ते आधी बंद करा. त्याच हायकोर्टाने तक्रारदाराचं नाव उघड करू नका असं पोलिसांना सांगितलंय, आणि समोरच्या चाळीत जाऊन "कोण होतं रे" विचारलंत तर एनसीची एफआयआर व्हायला दहा मिनिटं पुरतात.

स्पीकर परत हवा असेल तर मॅजिस्ट्रेटकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, सोबत बिल जोडा. बिल नसेल तर ज्या साइटवरून घेतला तिथल्या ऑर्डरची प्रिंट चालते. दीड हजाराचा स्पीकर असेल तर अर्ज, झेरॉक्स आणि हेलपाटे यातच तेवढे जातील, ते तुमचं तुम्ही बघा.