पाकिटावरचे हिरवे पान

प्रश्न : येथील दुकानात उडदाच्या डाळीच्या पाकिटावर ‘१०० टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री, पर्यावरणपूरक’ असे छापले असून शेजारी हिरवे पान काढले आहे, भाव सुट्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. माझा मामेभाऊ मात्र रासायनिक खत न घालता पिकवलेली दादर (रब्बी ज्वारी) कोणत्याही शिक्क्याविना घरी आणून देतो. यांतले खरे सेंद्रिय कोणते मानावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : तुम्ही कळवलेल्या तिन्ही शब्दांत ‘सेंद्रिय’ हा शब्द कोठेच नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. पाकीटबंद माल सेंद्रिय म्हणून विकायचा, तर १ जुलै २०१८ पासून त्याला प्रमाणीकरण लागते आणि पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असावे लागते. कोणी काढलेले हिरवे पान म्हणजे ते चिन्ह नव्हे. चौकोनातला हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, आणि १४ अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक तर साध्या डाळीच्या पाकिटावरही असतो. अनेक जण यालाच सेंद्रियतेचा पुरावा समजून जास्तीचे पैसे मोजतात, याचे मला फार वाईट वाटते.

‘पर्यावरणपूरक’ म्हणजे नेमके काय, डाळ, पाकीट की गिरणीतली प्रक्रिया, हे स्पष्ट करून त्याचा आधार देणे ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तसा खुलासा पाकिटावर किंवा त्यावरील क्यूआर कोडमध्ये नसेल, तर पाकीट व पावती जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

मामेभावाची गोष्ट वेगळी आहे. स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला या प्रमाणीकरणातून सूट आहे. त्याला ते चिन्ह मात्र वापरता येत नाही. त्यामुळे शिक्का नाही म्हणून त्याची दादर खोटी ठरत नाही, पण नात्यातला माणूस म्हणून न विचारताच ती सेंद्रियही मानू नये. त्या वावरात आधी कपाशी होती का, तिच्यावर शेवटची फवारणी कधी व कशाची झाली आणि बांधापलीकडच्या शेतातले फवारे इकडे येतात का, हे त्याला जरूर विचारावे. प्रमाणित शेतीतही हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी साधारण २ वर्षांचा रूपांतर काळ (रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा काळ) धरतात, तेव्हा केवळ यंदा युरिया टाकला नाही एवढ्यावर भागत नाही.