तिच्या सणाला तिचा दिवस

चि. मुली,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी वाचायला घेतला आणि चहा निवून गेला. यंदा 25 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, आणि त्याच दिवशी चीनहून दत्तक आणलेल्या तुझ्या लेकीचा झोंगचिऊ, चिनी पौर्णिमेचा सण. तुमचा गणपती दहा दिवसांचा. विसर्जनाच्या धांदलीत मूनकेक, त्या सणाचे सारण भरलेले गोल केक, कुठे करत बसू, महिन्याने कोजागरीला मसाला दुधाबरोबर करते, चंद्र तोच ना, असं तू विचारतेस. वर लेकच म्हणते, ‘मला मूनकेक नको, मला मोदकच आवडतात.’

नाही. कोजागरीला नाही. तिच्या सणाला तिचा दिवस.

गेल्या वर्षी 6 ऑक्टोबरला दोन्ही सण एकाच रात्री आले म्हणून तुझं निभावलं. तसं क्वचितच होतं. त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा बहुतेक वेळा आपल्या भाद्रपदाचीच असते, म्हणजे अनंत चतुर्दशीला अगदी खेटून. ही ओढाताण तुला पुढेही होणारच आहे. सवड मिळेल तेव्हा करू म्हणशील, तर ती मिळणार नाही.

इतकं ठणकावून सांगते, कारण ‘चंद्र तोच’ हे आमच्या घरात मीच म्हटलं होतं. 2005 साली आम्ही चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून आमच्या लेकीला दत्तक आणलं. त्या एका वर्षात चीनमधून जवळपास 7,900 मुलं दत्तक म्हणून अमेरिकेत आली. इथे न्यू जर्सीत आमच्यासारख्या घरांचा चांगला गोतावळा होता. पहिली काही वर्षं सगळं साग्रसंगीत केलं. 2011 ला झोंगचिऊ विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी आला. घरात पाहुणे, माझी नोकरी नवी, पाठ मोडून आलेली. म्हटलं, पुढच्या महिन्यात मंडळाची कोजागरी आहे, तेव्हा करू. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

तोवर चिनी किराणा दुकानात मूनकेकचे डबे निम्म्या किमतीला निघालेले असायचे. मी तेच आणायचे. 2019 ची कोजागरी, लेक पंधरा वर्षांची. मसाला दूध पिता पिता डब्यावरचं किमतीचं लाल स्टिकर ती नखाने खरवडत होती. ते अर्धवट निघालं. म्हणाली, “आई, आपण माझा सण नेहमी सेल लागल्यावरच करतो.” चिडून नव्हे, सहज. पाऊस पडतोय म्हणावं तसं. त्या आवाजाने मला अजून जाग येते.

मी हयगय केली असं मात्र कुणी म्हणू नये. सहा वर्षं दर शनिवारी चाळीस मिनिटं गाडी हाकत तिला मँडरिनच्या, म्हणजे प्रमाण चिनी भाषेच्या, वर्गाला नेलं. चिनी नववर्षाला जियाओझी, त्यांच्या सारण भरलेल्या करंज्या, केल्या, पैशाची लाल पाकिटं दिली. तिच्या मुलखात घराघरात कँटोनीज ही वेगळीच भाषा बोलतात हे मात्र फार उशिरा ध्यानात आलं. पण मी केलं, पुष्कळ केलं. फक्त तो एक दिवस दिला नाही, आणि तिच्या लक्षात तोच राहिला.

आता तुझी लेक मूनकेक नको म्हणते त्याबद्दल. अगं, आठ वर्षांच्या मुलीला विचारून आपण कुठला सण करतो? पाडव्याला कडुलिंबाची चटणी कुणी मागितली होती तुझ्या लहानपणी? तोंड वाकडं करून खाल्लीसच ना? तिने मूनकेक नाही खाल्ला तर नाही. घरात तिचा सण झालेला तिने पाहायला हवा, त्याच्या दिवशी.

गेल्या वर्षीचे तुझे मूनकेक ‘दगड झाले’ म्हणून तू टाकून दिलेस, हे वाचून फार हळहळले. ते बिघडलेले नव्हते! साखरेचा पाक आणि शेंगदाणा तेल घालून केलेलं कँटोनी, म्हणजे ग्वांगडाँगकडच्या, पद्धतीचं ते कवच भट्टीतून निघताना कडकच असतं. बंद डब्यात दोन दिवस ठेवलं की सारणातलं तेल कवचात उतरतं, ते मऊ होतं, वर चकाकी येते. म्हणून ते आधीच करून ठेवायचे असतात.

पण मुळात तू कँटोनी का केलेस? व्हिडिओत तेच दिसले म्हणून. तुझी लेक जिआंगसू प्रांताची आहे. तिच्याकडचा मूनकेक तिथल्या सूझोऊ शहराचा, पापुद्र्यांचा. आणि तू तर चिरोटे करतेस! तेच तंत्र: एक मळलेली पारी, एक स्निग्ध साटा, लाटायचं, गुंडाळायचं, पुन्हा लाटायचं. ते डुकराची चरबी वापरतात, तू तूप घे. मांसाचं सारणही असतं, पण गणपतीच्या घरात काळे तीळ आणि साखर घाल, तेही तिकडचंच. गोळा चपटा करायचा, साचा लागत नाही. वर तांबडा ठसा उठवतात, तो लेकीला उठवू दे.

आणखी एक, मग थांबते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये चीनने परदेशी दत्तक देणं बंद केलं, नात्यातल्या काही मुलांचा अपवाद सोडून. आमच्या वेळी सणाला तीस-चाळीस पोरी एकत्र हुंदडायच्या. तुझ्या लेकीच्या मागून आता कुणी येणार नाही. तिला तिचा सण बाहेर कुठे आयता मिळायचा नाही. तो तुझ्याच ओट्यावर व्हायला हवा.

विसर्जन दुपारी उरका. घरचा गणपती आहे, मिरवणुकीची वाट बघायची नाही. चंद्र संध्याकाळीच वर येईल. मोदक उरलेले असतील, ते त्या रात्री ताटात नकोत.

ठशासाठी लाकडी शिक्का कुरिअरने पाठवला आहे. तीळ आधीच भाजून, कुटून ठेव. 24 ला रात्री साटा लावायला बसशील तेव्हा फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
काकू