हिवाळ्यात घरामागच्या बागेत रात्री येणारे प्राणी कसे बघावेत? खायला काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या घरामागे थोडी बाग आहे, डिसेंबरात महिनाभर तिथे राहायला जाणार आहात, रात्री येणारे प्राणी जवळून बघायचे आहेत, तर खायला काय ठेवावं आणि कॅमेरा कोणता घ्यावा.

खायला काहीही ठेवू नका. पोळी नाही, केळी नाही, शिळा भात तर मुळीच नाही. कॅमेऱ्याचं पुढे सांगते.

मी भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या घरामागे वाडी आहे. जामाची दोन झाडं (तुम्ही पेरू म्हणत असाल), तीन पपया, कुडाला, म्हणजे कुंपणाला लागून एक बोर, वालाचा मांडव, भेदरं (टोमॅटो), वांगी, सांबार (कोथिंबीर). एका कडेला गोठा आणि त्याच्या बाजूला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग. लग्न होऊन आले त्या पहिल्याच हिवाळ्यात रात्री गोठ्याच्या कवेलूंवर (कौलांवर) पावलं वाजली. चोर आला असं वाटून मी यांना उठवलं. बाहेरच्या खोलीतून मामाजींचा आवाज आला, "झोप बाई. चोर चढला तं कवेलू फुटते. हा रोज जाते, एक कवेलू नाही फोडत."

माझे सासरे, म्हणजे मामाजी, नागझिऱ्याकडे वनमजूर होते. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी तिथल्या वाटा साफ केल्या, वणवे विझवले. शाळा दुसरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गोठ्याच्या भिंतीवरची विष्ठा दाखवली. त्यात बोराच्या आठोळ्या होत्या, धुऊन ठेवल्यासारख्या अख्ख्या. "हे उदमांजर. लोक मसन्या म्हणतात, मुडदे उकरते म्हणतात. मी उभ्या जन्मात नाही पाह्यलं. बोरं खाते, जाम खाते, उंदीर खाते." रोज त्याच जागी विष्ठा टाकायची त्याची सवय असते, म्हणून जागा सापडली की जनावर सापडलं, हेही त्यांनीच सांगितलं. मला जे काही येतं ते सगळं त्यांचं.

आता हिवाळाच का, तर आमच्याकडे दिवाळीनंतर धान कापून बांधीत (शेतात) पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग लागतात, मग चुरणे (मळणी) होते आणि धान घरी येतं. धानामागे उंदीर घरी येतात आणि उंदरांमागे बाकीचे. त्याच दिवसांत बोरं आणि जाम पिकतात. रात्र १३ तासांची असते. आठ वाजता शेकोट्या विझून माणसं दार लावतात, कुत्रीही तणसात शिरून पडतात. वाडी मोकळी मिळते, म्हणून जनावरं येतात. त्यांना बोलवावं लागत नाही. बर्फ पडणाऱ्या देशांत लोक हिवाळ्यात पाखरांना दाणे ठेवतात ते ठीक आहे, तिथे जमीन झाकली जाते. आपल्याकडे हिवाळ्याइतकं पोटभर खाणं कोणत्याच महिन्यात नसतं. द्यायचंच असेल तर एप्रिल-मे मध्ये पाणी द्या, तेव्हा खरी गरज असते.

तुमचा प्रश्न मला लागला त्याचं कारण वेगळं आहे.

२०१८ चा डिसेंबर. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. मामाजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, शहरात नोकरीला, सुट्टीत कुटुंबासह आठवडाभर आले होते. त्याआधीच्या पंधरा दिवसांत आमच्या अकरा कोंबड्यांपैकी चार गेल्या होत्या. भासऱ्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला की हे मसन्याचं काम. आणि यांना म्हणाले, "तिले सांग, वाडी साफ कर. पालापाचोळा, तणस, काय काय जमा करून ठेवलं! म्हणून जनावरं येऊन राहिले."

मी तिथेच होते, चुलीपाशी. पण आमच्याकडे भासरे आणि धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत. तेव्हा तरी बोलत नव्हते. ते यांना सांगायचे, मी यांना सांगायची, दोघंही एकाच खोलीत. मी काही बोलले नाही. ठरवलं, पाहू कोण नेतं ते.

तीन रात्री बसले. सैपाकघराची खिडकी वाडीकडे आहे. चूल पूर्ण विझवायची, दिवा बंद, अंगावर घोंगडी. टॉर्चच्या तोंडावर पतंगाचा लाल कागद दुहेरी गुंडाळून दोऱ्याने बांधला, कारण लाल उजेडाला ही जनावरं सहसा बुजत नाहीत. पहिल्या रात्री उंदीर आणि एक पिंगळा. पिंगळा वालाच्या मांडवाच्या खांबावर येऊन बसायचा, मान खालीवर करायचा, जमिनीवर झेप घ्यायचा, परत खांबावर. पहाटेपर्यंत त्याच्यासाठी बसावं इतकं ते सुंदर होतं.

दुसऱ्या रात्री पावणेदोनच्या सुमारास कवेलूंवरून तो उतरला. आधी नुसता वास आला, उग्र, ओल्या केसांसारखा. मग भिंतीच्या कडेवरून शेपूट. त्याच्या शेपटाचं टोक पांढरं होतं, बोटभर. सगळ्या उदमांजरांचं असं नसतं, म्हणून मी याला ओळखायची. पपईच्या खोडाला मागच्या पायांनी मिठी मारून तो वर गेला आणि पिकलेल्या पपईला बाजूने भोक पाडून त्यात तोंड घातलं. दहा हातांवरून मला त्याच्या चावण्याचा आवाज येत होता, लहान मूल आंबा चोखतं तसा. मध्येच थांबायचा, तोंड बाहेर काढायचा, काळ्या तोंडावरचे डोळ्यांजवळचे पांढरे ठिपके आणि मिशांना लागलेला गर दिसायचा, कान हलायचे, पुन्हा आत. अर्धी पपई खाऊन तो उतरला आणि बोराखाली पडलेली बोरं वेचत कुडातून गेला. तिसऱ्या रात्रीही आला. खुराड्यापासून चार हातांवरून गेला, कोंबड्या आत कुरकुरल्या, त्याने मान वळवली नाही.

सकाळी मी यांना सांगितलं, यांनी भासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाईमाणसाले अंधारात काय दिसते?" त्यांनी कोणाकडून तरी तारेचा पिंजरा आणला. आणि त्यात आमिष म्हणून काय ठेवलं? पिकलेली केळी. कोंबडीचोर म्हणून ज्याला धरायचं, त्याच्यासाठी केळी! कारण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हा फळावर येतो. हे मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. सात वर्षं झाली, तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने इथे म्हणते आहे.

पहाटे तो पिंजऱ्यात होता. तारा ओढून ओढून नाकाची कातडी सोलली होती. केळी तशीच पडलेली. तो गुरगुरत नव्हता, फक्त एका कोपऱ्यात शेपूट पोटाखाली घेऊन बसला होता आणि पांढरं टोक मातीने माखलं होतं. सगळी पोरं बघायला जमली. छोट्या टेम्पोत घालून त्याला दूर जंगलात सोडून आले. जंगलात सोडलं म्हणजे पुण्य झालं असं सगळ्यांना वाटलं. तो जंगलातला नव्हताच. तो माणसांच्या घरांवर, गोठ्यांच्या माळ्यांवर राहणारा होता. अनोळखी जागी सोडलेल्या जनावराला बोर कुठे, पाणी कुठे, लपायचं कुठे, काही माहीत नसतं, आणि तिथे आधीच दुसऱ्या कोणाचा तरी इलाखा असतो. शिवाय परवानगीशिवाय त्याला पकडणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं, मामाजींनी सांगितलं होतं. मी गप्प राहिले. याचं दुःख पिंजऱ्यापेक्षा जास्त आहे.

त्यानंतर आणखी दोन कोंबड्या गेल्या. मग यांनी खुराडं उलटं करून पाहिलं तर मागची फळी खालून कुजली होती. ती बदलली आणि कोंबड्या जायच्या थांबल्या. कोण नेत होतं ते आजही कळलेलं नाही. मुंगूस असेल, रानमांजर असेल, गावातलं कुत्रंही असेल. त्या उन्हाळ्यात मात्र माळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडला, बियाण्यासाठी ठेवलेल्या धानाची दोन पोती कुरतडली. पुढचे दोन हिवाळे कवेलूंवर काही वाजलं नाही. तिसऱ्या वर्षी एक आला, त्याचं शेपूट टोकापर्यंत काळं आहे. हा वेगळा.

म्हणून सांगते, खाणं ठेवून जनावराला बोलावणं आणि आमिष लावून धरणं यात जनावराच्या बाजूने फार अंतर नाही. दोन्हीत ते माणसाच्या हाताच्या वासाला सरावतं. तुम्ही महिनाभर केळी ठेवाल, मजा बघाल आणि निघून जाल. ते तीस दिवसांची सवय घेऊन शेजारच्या अंगणात शिरेल आणि तिथे काठी खाईल. वानरांचं तर आमच्या गावात हेच झालं. पाहुण्यांनी पोळ्या दिल्या, आता वाल राहत नाही, जाम राहत नाही, बायकांच्या हातातली पिशवी ओढतात.

त्याऐवजी वाडी थोडी अस्ताव्यस्त ठेवा. पाला झाडून जाळू नका, पडलेली बोरं वेचू नका, झाडावरची वरची दोन पपया तोडू नका. मग एका जागी, एका वेळेला, रोज बसा, घराच्या आत. बसायला जमत नसेल तर चुलीची राख चाळून कुडाच्या फटीजवळ आणि भिंतीलगत पातळ पसरा आणि पहाटे पाहा. चार बोटांचा ठसा आणि नखं दिसली तर कुत्रा, कोल्हा, नाहीतर खोकड. चार बोटं पण नखं नाहीत तर मांजर, मग ते घरचं असो की रानातलं. पाच बोटं असली तर उदमांजर किंवा मुंगूस, आणि मुंगूस दिवसाचा प्राणी आहे. मामाजी असेच वाचायचे.

दिवसाही बसा, लोक उगाच रात्रीच्या मागे लागतात. कपड्यांच्या तारेवर शेपूट थरथरवत बसणारा कृष्ण थिरथिरा हा हिवाळी पाहुणा आहे, एकाच वाडीत महिनोन्महिने मुक्काम करतो. विहिरीच्या ओट्यावर परीट येतात. फेब्रुवारीत पळस फुलला की भोरड्यांचे थवे. ही सगळी नावं लिहून ठेवा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्यांची नावंही लिहा. मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते तेव्हा त्यांनी आमच्याच भागातल्या माणसांकडून अशी किती नावं गोळा केली.

कॅमेरा. अंगाची ऊब आणि हालचाल जाणून आपोआप फोटो काढणारा जो मिळतो तो चालतो, कंपनीचं मला माहीत नाही. दिव्याचा झोत नसलेला घ्या, अंधारात अदृश्य उजेडाने टिपणारा. गुडघ्याच्या उंचीवर बांधा, समोर हलणारी फांदी नको, नाहीतर रात्रभर फांदीचेच फोटो येतील. आणि त्याचं तोंड शेजारच्यांच्या न्हाणीकडे किंवा बायकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेकडे अजिबात करू नका. लावण्याआधी शेजारी सांगा. गावात यावरून भांडणं होतात आणि ती रास्त असतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. उदमांजर कोंबडी कधीच खात नाही असं नाही, खुराडं उघडं मिळालं तर खातो. माझ्या वाडीतल्याने माझ्यासमोर खाल्ली नाही एवढंच मी शपथेवर सांगू शकते. खुराडं पक्कं ठेवा, दोष कोणाला द्यायची वेळच येणार नाही. तुमचं गाव जंगलाला लागून असेल तर रात्री अंगणात बसूच नका, कुत्र्यांमागे बिबट येतो. पहाटे तणसाजवळ चपला घालून, टॉर्च घेऊन जा, हिवाळ्यात परड, म्हणजे घोणस, जास्त फिरते. जखमी जनावर दिसलं तर हात लावू नका, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

भासरे आता निवृत्त झालेत. यंदा नाताळात नातवाला घेऊन येणार आहेत, नातू सात वर्षांचा आहे आणि त्याला उदमांजर बघायचंय. मागच्या आठवड्यात त्यांनी यांना फोनवर तुमचाच प्रश्न विचारला, येताना केळी आणू का म्हणून. मी यांच्या हातातून फोन घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. म्हटलं, "भाऊजी, केळी नोको. घोंगडी आणा, आमच्याकडे दोनच आहेत." ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पोराले किती वाजता उठवू.

पावणेदोनच्या आधी, म्हटलं.