‘ट्युब्युलर बेल्स’ पहिल्यांदा ऐकताना

हा अल्बम लावल्यावर पाच मिनिटांत कंटाळा आला म्हणालास, तर त्यात तुझं काही चुकलं नाही. शास्त्रीय गायनातला संथ बडा ख्यालही पाचव्या मिनिटाला कुठे उलगडलेला असतो? ब्रिटिश संगीतकार माइक ओल्डफिल्डच्या १९७३च्या या अल्बममध्ये दोनच लांबलचक भाग आहेत. सध्या एवढंच कर:

- फक्त पहिला भाग ऐक, साधारण २५ मिनिटांचा, एका बैठकीत. हेडफोन हवेतच. मोबाइलच्या स्पीकरवर बेस गिटार विरून जाते आणि मग सगळं पोकळ वाटतं.
- हे रॉक, लोकसंगीत की पाश्चात्त्य शास्त्रीय, हे ठरवत बसू नकोस. नवीन ऐकणारे बहुतेक इथेच अडकतात. यात तिन्ही आहेत.
- सुरुवातीची पियानोची धून बोटांवर मोज. ७ आणि ८, एकूण १५ मात्रा. (आपला पंचम सवारी हा तालही १५ मात्रांचाच!) कान सोळाव्या मात्रेची वाट बघतो आणि धून तोवर पुन्हा सुरू झालेली असते. ती ओढ एकदा जाणवली की तू सुटणार नाहीस.

शेवटाकडे एक निवेदक एकेका वाद्याचं नाव पुकारतो आणि ते वाद्य त्याच सुरावटीत येऊन मिसळतं. सगळ्यात शेवटी ट्युब्युलर बेल्स, म्हणजे नळ्यांच्या घंटा. तिथे माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. यातली बहुतेक वाद्यं १९ वर्षांच्या ओल्डफिल्डने एकट्याने एकावर एक ध्वनिमुद्रित केली आहेत.

दुसरा भाग आणि त्याचे पुढचे अल्बम आत्ता नकोत. आधी हा भाग तीनदा ऐक आणि मॅन्डोलिन नेमकी कधी आली ते मला सांग.